भाकरी, हुलगा आणि साखर : जुन्नर-आंबेगावच्या ताटाचा इतिहास

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे दोन शेजारी तालुके. दोन्हींची पश्चिम बाजू सह्याद्रीच्या कड्यावर टेकलेली, तर पूर्व बाजू दख्खनच्या कोरड्या पठारात मिसळलेली आहे. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या पट्ट्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला, आळे-बेल्ह्याकडे किंवा लोणी-धामणीकडे, तोच पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. इथल्या माणसाच्या ताटात काय पडणार हे शेकडो वर्षे या पावसाने ठरवले. गेल्या पन्नास वर्षांत मात्र ते धरणाचा कालवा, रेशनचे दुकान आणि साखर कारखाना ठरवू लागले आहेत. मधुमेह टाळायचा तर कर्बोदके कमी खा, हा सल्ला आज नारायणगाव-मंचरच्या दवाखान्यांतून दिला जातो. या भागात त्या सल्ल्याचा नेमका अर्थ काय, हे ताटातल्या या बदलावरून कळते.

या खोऱ्यांतल्या धान्याचा सर्वांत जुना ठोस पुरावा थोडा खाली, शेजारच्या शिरूर तालुक्यात मिळाला. आंबेगावच्या डोंगरात उगम पावणारी घोड नदी पुढे इनामगावाजवळून वाहते. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८पासून अनेक हंगाम उत्खनन केले. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातल्या त्या शेतकरी वस्तीचे मुख्य धान्य जव, म्हणजे सातू, होते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ, म्हणजे हुलगा, यांचे जळालेले दाणे सापडले. पाळीव जनावरांची आणि शिकारीचीही हाडे मिळाली. म्हणजे धान्य आणि कडधान्य यांची जोडी या नदीकाठी तीन हजार वर्षांपूर्वीच जमलेली होती.

सातवाहन काळात जुन्नर हे मोठे व्यापारी शहर झाले. कोकणातल्या बंदरांवरून येणारा माल नाणेघाट चढून इथे उतरे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांमधल्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. एखादे लेणे कोरून देण्याइतका पैसा धान्याच्या व्यापारात होता, हे त्यावरून कळते. व्यापाऱ्यांची, कारकुनांची आणि धनिकांची वस्ती असलेल्या अशा शहरांत बसून खाणाऱ्यांचा एक वर्गही तयार झालेला असणार.

त्या वर्गाचा आजार भारतीय वैद्यांना ठाऊक होता. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांची, कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळापासून केलेले पदार्थ यांची नावे येतात. अशा रोग्याच्या आहारात जवाला प्रमुख स्थान दिले आहे आणि सावा-कोद्रूसारखी रूक्ष धान्ये व मुगासारखी कडधान्ये पथ्यात धरली आहेत. सुश्रुताने जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे प्रमेहाचे दोन प्रकार केले. रक्तातली साखर मोजण्याचे साधन नसताना केलेली ही निरीक्षणे आजही विचारात घ्यावीत इतकी अचूक आहेत. गोड आणि नव्या धान्याचे मऊ अन्न टाळायचे, जाडेभरडे धान्य आणि डाळ खायची, अंग हलवायचे, असा त्यांचा रोख आहे.

शिवकाळ आणि पेशवाई ओलांडून इंग्रजी अमलापर्यंत आले की या भागातल्या शेतीचे चित्र स्पष्ट होते. पूर्वेकडच्या काळ्या-मुरमाड जमिनीत पावसाळ्यात बाजरी आणि रब्बीत ज्वारी, हरभरा ही मुख्य पिके होती. बाजरी एकटी पेरली जात नसे. पाभरीच्या ठरावीक ओळींनंतर तुरीची एक ओळ असे, शिवाय मटकी, हुलगा, मूग मिसळून टाकत. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागावे हा त्यामागचा हिशोब. त्यामुळे ज्या शेतातून भाकरी येई, त्याच शेतातून डाळही येई.

पश्चिमेकडे महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या गावांत खाचरांत भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, सावा, खुरासणी होत असे. राब भाजून रोपे करायची, आषाढात ती लावायची, दोन-तीन वर्षे पीक घेतले की जमीन विसाव्याला सोडायची, अशी ती पद्धत. भात पिकवणारी ही माणसे वर्षभर भात खात होती असे मात्र नाही. चांगला तांदूळ बाजारात जाई आणि घरात नाचणीची भाकरी उरे. भाद्रपदात दाणे भरण्याआधी कणगी रिकामी होई, तेव्हा कुरडू, भारंगी, टाकळा, चाईचा मोहर, रानातले कंद, ओढ्यातले खेकडे आणि मासे यांवर दिवस निघत. त्या टंचाईसाठी सावकाराकडून धान्य घ्यावे लागे. त्याला खावटी म्हणत, आणि ती दामदुपटीने फेडावी लागे.

या जुन्या आहाराचे नुसते गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. तो उपाशी राहणाऱ्यांचाही आहार होता. १८७६-७७ आणि १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांनी हा सारा प्रदेश होरपळला. बाळंतिणीचे कुपोषण, मुलांची खुरटी वाढ आणि हगवण-हिवतापाचे मृत्यू हे त्या ताटाचे दुसरे अंग होते. तेव्हा मधुमेह फारसा दिसत नव्हता. त्याचे श्रेय आहाराला आहेच, पण सूर्योदयापासून चालणाऱ्या कष्टांना आहे आणि पोटभर न मिळण्यालाही आहे.

या ताटात कर्बोदके कमी होती, असेही म्हणता येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६२ ग्रॅम, नाचणीत ६७ ग्रॅम आणि सडीक तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. भाकरी हे पिष्टमय अन्नच आहे. फरक पडत होता तो भाकरीसोबत काय आणि किती, यात. बाजरी आणि नाचणीत तंतू ११ ग्रॅमच्या आसपास, तर पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नाहीत. हुलग्यात तब्बल २२ ग्रॅम प्रथिने आहेत, बाजरीच्या दुप्पट आणि तांदळाच्या जवळपास तिप्पट. हुलग्याचे शेंगोळे, माडगे, मटकीची उसळ, पिठले, हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा, खुरासणीची चटणी आणि ताक हे भाकरीच्या बरोबरीने पोटात जात होते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे या भागाची ओळख बनलेली मासवडी. नावात मासा असला तरी हा पदार्थ पूर्ण शाकाहारी आहे. आधी सारण होते. किसलेले सुके खोबरे, तीळ आणि खसखस वेगवेगळी भाजायची, कांदा परतून कोरडा होईपर्यंत तव्यावर ठेवायचा, त्यात लसूण, कोथिंबीर आणि घरचा मसाला घालून सगळे भरड वाटायचे. मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात हरभऱ्याचे पीठ एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने घोटायचे. गुठळी राहिली तर वडी फाटते, म्हणून ही पायरी घरातल्या जाणत्या बाईकडे असते. झाकण ठेवून वाफ आली की तो गरम गोळा ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापायचा, मधोमध सारण पसरायचे आणि फडक्याच्या आधाराने दोन्ही कडा उचलून माशाच्या आकाराची गुंडाळी करायची. निवल्यावर तिचे तिरके काप पडतात आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यासोबत ते वाढले जातात. डाळीचे पीठ, तीळ आणि खोबरे यांनी बनलेल्या या पदार्थात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर असतो. दोन वड्या आणि वाटीभर रस्सा पोटात गेला की भाकरी आपसूक एकच पुरते. आजचे आहारतज्ज्ञ ताटाची जी मांडणी समजावून सांगतात, ती पाहुण्यांच्या पंगतीपुरती का होईना, इथे होतीच.

बदलाची सुरुवात बाजरीपासूनच झाली. १९६५मध्ये एचबी-१ हे बाजरीचे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, पण गोसावी रोगाने या वाणांना पुढच्या काही वर्षांत मोठा तडाखा दिला. संकरित बियाणे खत घालून सलग पेरायचे असल्यामुळे तूर-मटकीच्या मधल्या ओळी विरळ होत गेल्या. मग १९७२चा दुष्काळ आला. रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामावर सुकडी वाटली गेली आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळाली. त्या दुष्काळाने शेतकऱ्याच्या मनात पाण्याची आस कायमची पेरली.

पाणी आले ते कुकडी प्रकल्पातून. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे १९७०च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उभी राहिली. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते गाव याच जलाशयात बुडाले. भाताची खाचरे आणि नदीकाठची चांगली जमीन पश्चिमेच्या आदिवासी गावांनी गमावली आणि पाणी पूर्वेकडे गेले. वर सरकलेल्या कुटुंबांच्या हाती वरकस उतार तेवढे राहिले. हिरडा गोळा करणे आणि बाहेरगावी मजुरीला जाणे हाच त्यांचा रोख पैशाचा मार्ग झाला.

पूर्वेकडे मात्र भरभराट झाली, आणि ती खरी होती. नारायणगाव टोमॅटोची मोठी बाजारपेठ बनले, जुन्नरच्या खोऱ्यात द्राक्षबागा आणि कांदा आला. आंबेगावचे सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाऊ लागले. मुख्य म्हणजे ऊस आला. जुन्नरला शिरोलीजवळ विघ्नहर आणि आंबेगावात पारगावजवळ भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पक्की घरे, शाळा-कॉलेजे, मुलींची शिक्षणे या ऊस-टोमॅटोच्या पैशातून झाली. ज्या वावरात बाजरी-मटकी होती तिथे ऊस उभा राहिला, इतका दाट की बिबट्याही त्यात घर करून राहू लागला.

साखर शेतातून थेट घरात आली. सहकारी कारखाने दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दराने साखर देतात. एके काळी गूळ-साखर सणावारी आणि आजारपणात काढली जाई, तिची आता पोती घरात येऊन पडली. तिचा सर्वांत मोठा वाटा चहात गेला. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली, तर शेतावर, पारावर, दूध डेअरीत आणि पाहुण्यांसोबत मिळून दिवसाकाठी पाच कपांत पन्नास ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना अशा साखरेची मर्यादा शक्यतो दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते.

रेशननेही ताटातली कर्बोदके वाढवली. गहू आणि तांदूळ स्वस्त झाले तसा पूर्वेकडे सणाचा असलेला भात रोजचा झाला आणि भाकरीच्या जागी चपाती आली. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी महिना पाच किलो धान्याची तरतूद झाली. भरडधान्याचा उल्लेख त्या कायद्यात आहे, पण दुकानातून प्रत्यक्षात मुख्यतः गहू-तांदूळच मिळत राहिला. भूक हटवण्याचे काम या योजनेने केले, ते लहान नाही. पण डाळीला असा आधार मिळाला नाही, आणि नाचणी-वरईच्या गावांतही पांढऱ्या भाताचा ढीग मोठा आणि वरणाची वाटी लहान होत गेली.

उपवासाचे ताटही बदलले. ओझरचा विघ्नेश्वर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज ही अष्टविनायकांतली दोन स्थाने जुन्नर तालुक्यात, आणि ज्योतिर्लिंग भीमाशंकर आंबेगावच्या सीमेवर आहे. त्यामुळे संकष्टी, सोमवार आणि श्रावण इथे निष्ठेने पाळले जातात. पूर्वी उपवासाला वरई, राजगिरा, शेंगदाणे, रताळे आणि दूध असे. साबुदाण्याचा उद्योग तामिळनाडूच्या सेलम भागात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वाढला, त्यानंतर खिचडी घरोघर पोहोचली. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्यात बटाटा आणि साखर घातली की उपवासाचा दिवस रक्तातल्या साखरेसाठी इतर दिवसांपेक्षा जड ठरतो.

या बदलांना जे शरीर तोंड देत होते, त्याची घडणही समजून घेतली पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान आणि हडकुळी, पण त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी आणि चरबी जास्त अशी ही घडण मोठेपणी इन्सुलिनला दाद देत नाही. म्हणून बारीक दिसणाऱ्या मराठी शेतकऱ्यालाही मधुमेह गाठतो. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेत, त्यांची बाळे जास्त वजनाची होती, हेही त्याच अभ्यासात दिसले. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार आणि एका पिढीत आलेली सुबत्ता यांची गाठ पडली, तिथे हा आजार वाढला.

कर्बोदके कमी करून मधुमेह आवरण्याची कल्पना पाश्चात्य वैद्यकातही जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने रुग्णाला मुख्यतः मांसाहारावर ठेवले. फ्रान्समध्ये बुशार्दा यांनी १८७०च्या पॅरिसच्या वेढ्यात, अन्नटंचाईच्या दिवसांत, रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होताना पाहिली. १९२१मध्ये इन्सुलिन सापडले आणि आहाराचे महत्त्व मागे पडले. गेल्या काही दशकांत ते पुन्हा पुढे आले आहे.

महाराष्ट्रात ते घरोघर नेण्याचे काम डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांनी केले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली त्यांची पद्धत सोपी आहे. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचे, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचे, मधे काही खायचे नाही, साखरेचा चहा बंद करायचा आणि रोज चालायचे. तिचा भर इन्सुलिन वारंवार स्रवू न देण्यावर आहे. पण चहा-बिस्कीट, फरसाण आणि दुपारचे चरणे बंद झाले की कर्बोदकेही आपोआप घटतात. भल्या सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण एवढ्यावर दिवस काढणाऱ्या जुन्या शेतकऱ्याला हे वेळापत्रक अनोळखी वाटले नसते.

देशभरच्या पाहण्यांनी या प्रश्नाला आकडे दिले. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीतल्या १८,०९० प्रौढांच्या आहारावरून संशोधकांनी २०२२मध्ये एक प्रमाण मांडले. उंबरठ्यावरच्या माणसाने मागे फिरायचे तर एकूण उष्मांकांतला कर्बोदकांचा वाटा ५० ते ५६ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनांचा १८ ते २० टक्क्यांवर न्यावा. आज भारतीय ताटात कर्बोदके सरासरी ६२ टक्क्यांच्या घरात आणि प्रथिने १२ टक्क्यांच्या आसपास आहेत. याचा अर्थ भाकरी सोडायला कोणी सांगत नाही. तिच्यातला काही वाटा डाळी, दूध, अंडी, मासे यांना द्यायचा आहे. आणखी एक गोष्ट याच संशोधनाने २०२५मध्ये दाखवली. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ वापरले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर धोका घटलेला दिसत नाही. भरडधान्य वर्ष म्हणून २०२३ साजरे झाल्यापासून बाजरी-नाचणीची बिस्किटे आणि लाडू बाजारात आले आहेत. त्यांच्या भरवशावर राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

म्हणून जुन्नर-आंबेगावसाठी मधुमेह टाळण्याचा मार्ग केवळ बाजरीकडे परतण्याचा नाही. बाजरीच्या शेजारची हुलगा-मटकीची ओळ परत आणणे अधिक मोलाचे आहे. दोन भाकरींची एक करून तिच्यासोबत उसळीची मोठी वाटी, हिरवा घोळाणा आणि ताक घेणे, भात मुदीपुरता ठेवणे, चहातली साखर सोडणे आणि उपवासाला खिचडीऐवजी शेंगदाणे, दूध, राजगिरा घेणे एवढे इथल्या कोणत्याही घराला परवडते. पश्चिमेच्या गावांत रेशनवर डाळ मिळाली, तर तिथले ताटही सावरेल. जीवनशैली बदलून हा आजार टळतो याचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या २००२च्या मोठ्या प्रयोगात आहार, व्यायाम आणि वजन घटवणे यांनी धोका ५८ टक्क्यांनी, तर चेन्नईच्या २००६च्या प्रयोगात सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला.

ज्यांना मधुमेह आधीच आहे आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी कर्बोदके एकाएकी तोडू नयेत. औषधाचा डोस तोच राहिला तर साखर धोकादायक रीतीने खाली जाते, म्हणून डॉक्टरांशी बोलूनच ताट बदलावे. किडनीचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी विचारून घ्यावे. बाकीच्यांनी आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहावे. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीत ५.७ ते ६.४ टक्के हा आकडा आला, तर ती उंबरठ्याची अवस्था समजतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेहाची प्राथमिक तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. ती या वर्षी करून घ्यावी, आणि घरातल्या बायकांची राहून जाऊ देऊ नये.